इंजिनाचा ढेकर

"गळतेय ना ती, गळू दे. गळायची थांबेल त्या दिवशी घाबर," असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या. त्या वेळी त्या भाजी निवडत होत्या, आणि भाजी निवडताना त्या जे बोलतात ते मी सहसा मनावर घेत नाही, कारण घ्यायला लागले तर मन पुरणार नाही. शिवाय मी भौतिकशास्त्राची पदवीधर. गळणारी वस्तू गळायची थांबली की आनंद मानावा, असं आम्हाला तरी शिकवलं होतं. मी "हो आई" म्हणाले आणि सोडून दिलं.

गळत होती ती सासऱ्यांची मोटरसायकल. ती माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरातला तिचा मानही त्याच्यापेक्षा मोठा आहे. एकच सिलिंडर, पण आवाज असा की खिडकीतले पेले हळूहळू कडेकडे चालू लागतात. ती उभी राहील तिथे खाली काळा डाग पडतो. हा डाग तिच्या जन्मापासूनचा, असं सासरे अभिमानाने सांगतात. म्हणजे मला नाही, ठमीला सांगतात.

हे जरा समजावून सांगायला हवं. सासरे मितभाषी. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं संभाषण "बाबा, जेवायला या" आणि "हं" एवढंच होतं. मग ठमी झाली, आणि आम्हाला दुभाषी मिळाली. "ठमे, आईला विचार, पेपर वाचून झाला का?" असं ते म्हणायचे. मी म्हणायची, "ठमे, आजोबांना सांग, मधलं पान राहिलंय." ठमी मधोमध बसून लाळ गाळायची. तिला अजून 'बा' सोडून काही म्हणता येत नाही, पण निरोप मात्र आजवर एकही चुकला नव्हता. घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय या पद्धतीने झालेत. नवरा म्हणतो, "तुम्ही दोघं सरळ बोला की एकमेकांशी!" त्याला काय कळतंय. सरळ बोललं की नजर कुठे ठेवायची हा प्रश्न येतो.

तर, या ठमीला दुपारी झोप लागायची ती फक्त त्या मोटरसायकलच्या आवाजात. मी गाणी म्हटली, मांडी हलवली, पंख्याखाली धरलं, पंख्यापासून दूर धरलं. एकदा त्याच आवाजाचं रेकॉर्डिंग करून फोनवर लावलं. ठमीने एक डोळा उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुकानदार खोटी नोट देणाऱ्याकडे पाहतो. शेवटी रोजचा परिपाठच ठरला. जेवणं झाली की सासरे खाली जाऊन गाडीला किक मारणार, आणि मी ठमीला खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहणार. धूर लागू नये म्हणून मी आधी ओलं बोट वर धरून वाऱ्याची दिशा बघते. लोक हसतात. हसू देत. धूर हसणाऱ्यांच्या अंगावर जातो.

संकट आलं ते सेक्रेटरींच्या रूपाने. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची गाडी पांढरी, कपडे पांढरे, आणि त्यांनी पुढाकार घेऊन पार्किंगमध्ये बसवलेल्या लाद्याही जवळजवळ पांढऱ्या. आमचा डाग आपल्या गाडीच्या दिशेने सरकतोय, असा त्यांचा संशय होता. एका सकाळी पाहते तर त्यांनी डागाभोवती खडूने रेघ ओढलेली. जणू तिथे कुणाचा तरी मृतदेह पडला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "गळणारं वाहन आवारात उभं करता येणार नाही."

"दुरुस्त करून घेतो ना."

"आवारात दुरुस्ती करता येणार नाही."

"मग गेटबाहेर नेऊन करतो."

"गळणारं वाहन नेणार म्हणजे उतारावरच्या नव्या लाद्यांवरून नेणार. त्याला कमिटीची परवानगी लागेल."

"कमिटी कधी बसते?"

"येत्या रविवारी. पाहणीसाठीच बसतेय. तोवर गळती थांबली नाही, तर गाडी हलवावी लागेल."

"कुठे?"

"ते आमच्या कक्षेत येत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि खडू खिशात ठेवून निघून गेले. खिसाही पांढराच होता.

हलवायची म्हणजे विकायची, हे न सांगता सगळ्यांना कळलं. रस्त्यावर उभी केली तर एका रात्रीत तिचा आरसासुद्धा उरला नसता. नवरा जेवताना म्हणाला, "खरं म्हणजे आता बाबांनी या वयात…" आणि सासूबाईंनी त्याच्या ताटात इतक्या जोरात डाव आपटला की वाक्य तिथेच संपलं. या बाई गाडीला आयुष्यभर 'माझी सवत' म्हणत आल्यात. पण सवतीला घराबाहेर काढायचा हक्क त्यांचा, सेक्रेटरींचा नव्हे.

सासरे हात धुतल्यावर ठमीला मांडीवर घेऊन म्हणाले, "ठमे, गाडी गेली तर दुपारी आजोबांनी खाली कशाला जायचं गं?" हा निरोप माझ्यासाठी नव्हता. तो कुणासाठीच नव्हता. मी ओटा पुसायला लागले, जो आधीच पुसलेला होता.

तिथे मी ठरवलं. गळती थांबवायची.

बातमी जिन्यात पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तिला डायपर बांध की! ठमीचे आहेत ना घरात." मी हसले. मग दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, खरंच एक डायपर इंजिनखाली बांधला. सांगायला लाज वाटते, पण बसला अगदी बेताचा. फक्त गाडी सुरू केल्यावर तो तापून असा काही वास सुटला की वरचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, "काय गं, काही जळतंय का?" वरचे काका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा सल्ला असा की थांबवण्याआधी मोजावं. ते स्वतःचा मापाचा पेला घेऊन आले, गाडीखाली ठेवला, आणि सकाळ-संध्याकाळ चष्मा वर करून आकडा सांगू लागले. गळती थांबली नाही, पण तिला प्रतिष्ठा आली.

सेक्रेटरी बाहेर गेलेत असं पाहून मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिनाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "सील गेलं." त्याने डावीकडचं सील बदललं. दुसऱ्या दिवशी तेल उजवीकडून आलं. त्याने उजवीकडचं बदललं. तेल वरून आलं.

"असं कसं?" मी विचारलं.

"ताई, त्यालाही कुठून तरी यायचं असतं ना!" तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू तेल म्हणजे त्याचा लांबचा नातेवाईकच.

मी त्याच्यावर चिडले, आणि त्याच दिवशी दूध पाजून ठमीला खांद्यावर टाकून पाठ थोपटत असताना त्याच्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. ठमी अस्वस्थ होती. पोटात हवा अडकली होती. मग एक दणदणीत ढेकर आला, आणि ढेकराबरोबर थोडं दूध माझ्या खांद्यावर. मी तशीच, दुधाच्या खांद्यानिशी, सासऱ्यांच्या खोलीत गेले.

"ठमे! आजोबांना सांग, गाडीला ढेकर येत नाहीये!"

सासऱ्यांनी पुस्तकातून मान वर केली.

मी ठमीला समजावून सांगितलं. पिस्टन वर-खाली जातो. वर जातो ते ठीक, पण खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा जाणार कुठे? इंजिनाच्या पोटात ती दाबली जाते, आणि मग जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडते, जाताना तेल घेऊन. ठमीला ढेकर आला नाही की दूध येतं, तसंच. सील बदलून काय होणार? हवेला बाहेर जायला रस्ता पाहिजे.

ठमीने 'बा' म्हटलं. सासऱ्यांनी पुस्तक मिटलं. "ठमे, आईला सांग, रस्ता आहे. ब्रीदर म्हणतात त्याला. पण ती नळी आजोबांच्या तरुणपणची आहे."

खाली जाऊन पाहिलं. ती नळी करंगळीहून बारीक, कडक झालेली, आणि मध्ये दुमडलेली. बिचारी गाडी इतकी वर्षं तोंड दाबून बसली होती.

आता दुरुस्तीला बंदी होती, पण पुसायला बंदी नव्हती. म्हणून त्या आठवड्यात आम्ही जे केलं ते पुसणं होतं, हे मी इथे स्पष्ट करते. हातात फडकं ठेवूनच आम्ही जुनी नळी काढली आणि जाड नवी बसवली. सेक्रेटरी जवळून गेले की सासरे टाकी पुसायचे आणि मी सासऱ्यांची पाठ पुसायची.

पण नुसती जाड नळी पुरेना. पिस्टन खाली येताना हवा बाहेर टाकी आणि वर जाताना तीच हवा पुन्हा आत ओढी. म्हणजे ढेकर देऊन लगेच गिळायचा. आम्हाला हवी होती एकतर्फी झडप, हवा बाहेर सोडणारी आणि आत न घेणारी. दुकानदार म्हणाला, मागवावी लागेल, आणि ती रविवारनंतर येईल.

मी ठमीची बाटली उकळत होते. बाटलीच्या निपलला टोकाशी बारीक चीर असते. तोंडाने ओढलं की उघडते, सोडलं की मिटते. मी निपल चिमट्यात धरून त्याच्याकडे पाहत राहिले. मागून सासरे पाणी प्यायला आले, तेही पाहत राहिले.

"ठमे," सासरे हळूच म्हणाले, "तुझ्याकडे एक जास्तीचं आहे ना गं?"

ठमी त्या वेळी दुसऱ्या खोलीत झोपली होती. पण निरोप पोचला.

निपल नळीच्या टोकाला बसवलं आणि गाडी सुरू केली. ते फुत् फुत् करत उघडमीट करू लागलं. सासऱ्यांनी एक चक्कर मारून आणली. खाली पुठ्ठा ठेवला. रात्रभर एक थेंब नाही! वरच्या काकांनी रिकामा पेला उलटा करून पाहिला आणि थोडे उदासच झाले. मी सासूबाईंना म्हटलं, "बघा आई, थांबली की नाही!" त्या म्हणाल्या, "बघते."

रविवारी कमिटी उतरली. सेक्रेटरींनी स्वतः एक कोरा पांढरा पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि सगळ्यात पुढे वाकून बसले. त्यांची पांढरी गाडी शेजारी धुतलेली उभी होती. मी ठमीला खांद्यावर घेऊन, वारा तपासून, जिन्यापाशी. सासऱ्यांनी किक मारली. धप् धप् धप्. ठमीची मान माझ्या खांद्यावर पडली. पुठ्ठा कोरा.

आता एक गोष्ट जिचा भौतिकशास्त्रात उल्लेख असेल पण मी त्या दिवशी वर्गात नसेन. रबराला तेल चालत नाही. ते तेल पितं आणि फुगतं. शनिवारभर तेलाच्या वाफेत राहून आमचं निपल एखाद्या लाडावलेल्या गालासारखं फुगलं होतं, आणि त्याची चीर चिकटून बंद झाली होती. म्हणजे आता बाहेरचा रस्ताही बंद.

"छान!" सेक्रेटरी आणखी पुढे वाकून म्हणाले. "म्हणजे मनात आणलं तर…"

टप्प! तेल बघायची पट्टी आपल्या बुचासकट उडाली, आणि मागोमाग तिच्या भोकातून गाडीने इतक्या वर्षांचा ढेकर दिला.

इंजिन नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे तेल कोमटच होतं, हे आधी सांगते. मला कुणी भाजेल याचीच धास्ती वाटली होती. सेक्रेटरींना इजा झाली नाही. पण ते पांढरेही राहिले नाहीत. सासऱ्यांनी घाईने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं, आणि त्या शांततेने ठमी जागी झाली. तिने सेक्रेटरींकडे पाहिलं. काळ्या चेहऱ्यात दोन गोल डोळे. आणि ती खळाळून हसली, अशी की आधी समोरच्या काकूंना आवरेना, मग कमिटीला.

"गाडी आज हलली पाहिजे!" सेक्रेटरी चेहरा पुसत ओरडले.

"एक मिनिट." वरचे काका गुडघ्यावर बसले होते. त्यांनी गाडीखालचा पुठ्ठा ओढून उजेडात धरला. कोरा. एक ठिपका नाही. "विषय गळतीचा होता. गळणे म्हणजे खाली पडणे. हे उडणे झालं. उडण्याबद्दल नियमात काय आहे?"

कमिटीने नियम काढले. उडण्याबद्दल काहीही नव्हतं. चर्चा लांबली. चहा आमच्याकडून झाला. शेवटी गाडीला पुढच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली. वर, सेक्रेटरींची गाडी आम्ही धुवायची. 'पुसायची नव्हे, धुवायची,' असं त्यांनी मुद्दाम लिहून घेतलं. म्हणजे आमच्या पुसण्याचा त्यांना सगळा पत्ता होता.

आठवड्यात खरी झडप आली. ती उलटी बसेल या धास्तीने मी तोंडाने फुंकून दिशा पाहिली, मग सासऱ्यांनी फुंकून पाहिली, मग मी तिच्यावर नखांच्या लाल रंगाने बाण काढला, आणि बाण बरोबर आहे का म्हणून पुन्हा फुंकली. नळी सीटखालून मागे नेऊन एका बाटलीत सोडली. बाटली औषधाची होती, ठमीची नव्हे. आम्ही शिकत होतो.

आणि ती खरंच थांबली! रोज गाडी फिरवली, रोज पुठ्ठा कोरा. आज सकाळी कमिटी पुन्हा आली. सेक्रेटरी या वेळी खांबामागे उभे होते, तिथूनच त्यांनी "ठीक आहे" म्हटलं. सासरे हसले. मी त्यांना दातांसकट हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग ते म्हणाले, "ठमे, आईला सांग, आता हिला नवं तेल घालूया."

या गाडीचं तेल कधी कुणी बदललंच नव्हतं. ते आपलं आपण बदलायचं. खालून जाई तेवढं वरून ओतायचं, झालं. आता कुठे आम्हाला इतर लोकांसारखं तेल बदलायची वेळ आली, तर ते हौसेने करायचं ठरलं. कमिटीने खास पुसायची परवानगी दिली. खालचा बोल्ट काढून सगळं जुनं तेल बादलीत काढलं. बोल्ट परत घट्ट केला. ठमी माझ्या कडेवर पेंगुळली होती. सासरे हात पुसत म्हणाले, "ठमे, आता तेवढा डबा ओतायचा राहिला हं." मी म्हटलं, "हो, ठमे, आजोबांना सांग, डबा फळीवर आहे." आणि तिला झोपवायला वर गेले.

दुपारी मी ठमीला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा खालून धप् धप् ऐकू आलं, आणि मग तो आवाज गेटबाहेर गेला. गळती थांबल्यापासून सासरे पहिल्यांदाच लांबच्या फेरीला निघाले होते. मला इतकं बरं वाटलं की मी ठमीला घेऊन मुद्दाम खाली आले, ती रिकामी, स्वच्छ लादी बघायला. एकही थेंब नव्हता.

फळीवर तेलाचा डबा होता. सीलबंद.

मी तो हलवून पाहिला. भरलेला. म्हणजे इंजिनात तेल नव्हतंच, आणि तेलाशिवाय इंजिन वाटेत कुठेही जाम होतं.

मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणजे आम्ही दोघांनी ठमीला सांगितलं होतं, आणि ठमी झोपली होती.

"आई!" मी जिन्यातून हाक मारली. सासूबाई आल्या. त्यांनी आधी कोरी लादी पाहिली, मग डबा पाहिला, मग माझ्याकडे. भाजी निवडताना त्या काय म्हणाल्या होत्या, ते मला तेव्हा आठवलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "स्कूटर काढ, ऊठ!"

सासऱ्यांना फोन लावला, तर तो वर स्वयंपाकघरात वाजला.

हे मी पार्किंगमधल्या स्टुलावर बसून एका हाताने लिहितेय आणि आमच्या भागातल्या सगळ्यांना पाठवतेय. नवरा डबा घेऊन एका दिशेला गेलाय, मेकॅनिक दुसऱ्या, आणि, विश्वास ठेवा न ठेवा, सेक्रेटरी पांढरी गाडी काढून तिसऱ्या. सासूबाई गेटपाशी उभ्या आहेत. त्या म्हणतात, इतकी वर्षं गळून गळून तिच्या अंगात मुरलंय ते तेल थोडा वेळ तरी पुरेल. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, पण आज मी आईंचंच ऐकणार आहे. सासऱ्यांनी कुठून दुसरा डबा आणून ओतला असेल, हेही शक्य आहे. ठमी टक्क जागी आहे. दुपारची झोप उलटून गेली, आणि आवाज नाही.

तुमच्या रस्त्यावर कुठे एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ जुन्या मोटरसायकलवर दिसले, किंवा तिच्याशेजारी उभे दिसले, तर जरा थांबून त्यांची चौकशी करा. पाणी द्या. चालू असेल तर गाडी बंद करायला सांगा. आणि तेल घातलं का, ते विचारा. ते फारसं बोलणार नाहीत. तुमच्याबरोबर एखादं लहान मूल असलं तर ते त्याच्याकडेच बघून उत्तर देतील.

तरी तुम्ही त्यांच्याकडेच बघून विचारा. सरळ. म्हणावं, "बाबा, तुमच्या सुनेनं विचारलंय."